दारिद्र्याचे हजेरीपुस्तक

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नंदुरबारच्या बाजारपेठेतून सहज एक फेरी मारावी. दुकानादुकानांतून लाल बासनाच्या चोपड्या पाटावर मांडलेल्या असतात. कुंकवाने स्वस्तिक काढून, 'शुभ' आणि 'लाभ' लिहून व्यापारी हात जोडतो. गेल्या वर्षी माल किती आला, किती गेला, उधारी किती थकली, हे त्याला पाठ असते. ते पाठ नसेल तर पुढच्या दिवाळीला त्याच्या दुकानाला कुलूप लागलेले दिसेल.

त्याच सुमारास उत्तरेला, सातपुड्याच्या घाटांतून, दुसरी एक मिरवणूक खाली उतरत असते. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची कुटुंबे ट्रकमध्ये चढलेली असतात. भांडी, कोयते, कोंबड्या, तान्ही पोरे, सारे एकाच हौद्यात. मुकादमाची उचल केव्हाच खर्ची पडलेली. आता होळीपर्यंत गुजरातेत नाहीतर दक्षिणेकडे ऊस तोडून ती फेडायची. ह्या माणसांच्या नावाने चालणाऱ्या संस्था, योजना, अभियाने आणि मंडळे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. त्यांच्याही चोपड्या असतात. परंतु त्यांची पूजा मार्चअखेरीस होते, आणि त्यांत 'लाभ' ह्या शब्दापुढे 'आर्थी' जोडलेले असते.

वाचकहो, चकली-करंजीच्या ताटाशेजारी हा विषय वाढल्याबद्दल क्षमा मागत नाही. मी बावीस वर्षे अशाच एका संस्थेत हिशेब आणि अहवाल लिहिले. संस्थेचे नाव सांगत नाही; सांगून उपयोगही नाही, कारण नाव बदलले तरी मजकूर तोच निघेल. ह्या बावीस वर्षांत मी दारिद्र्य किती हटवले ते मला सांगता येणार नाही. किती कागदांवर हटवले, ते मात्र दस्त्यांच्या हिशेबाने सांगू शकेन.

आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके, आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे साडेसोळा लाख वस्ती; त्यात शेकडा एकोणसत्तर आदिवासी. मोजमापाच्या बाबतीत ह्या जिल्ह्याइतके भाग्य फारच थोड्यांच्या वाट्याला आले असेल. सगळ्या देशाला क्रमांक देण्याचे ठरले तेव्हा आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच शहादे तालुक्यातील टेंभली गावी, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिला गेला. पुढे २०१८ साली 'आकांक्षित जिल्हे' निवडले गेले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि आम्ही. एकूण एकोणपन्नास निर्देशक. आरोग्य-पोषणाला शंभरांत तीस गुण, शिक्षणाला तीस, शेती आणि पाण्याला वीस, उरलेले वीस बँकखाती, कौशल्ये आणि रस्ते-वीज ह्यांत वाटलेले. कोणता जिल्हा किती पुढे सरकला, ह्याचा दर महिन्याला क्रम. शाळेतल्या गुणपत्रिकेसारखीच सोय; फरक इतकाच की येथे गुण मिळवणारा एक, आणि उपाशी राहणारा दुसरा.

मी मोजण्याच्या विरुद्ध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. उलट, आमच्याच क्षेत्रातील जी मंडळी डोळे मिटून म्हणतात की, "सेवेला का कुठे माप असते?" त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे. आमचे अध्यक्ष हे वाक्य वर्षातून दोनदा हमखास उच्चारीत. एकदा वार्षिक सभेत आणि एकदा लेखापरीक्षक आले म्हणजे. मायेला माप नसेल. पण मुलाच्या दंडाला आहे. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा दंडाचा घेर कमी भरला की ते मूल मृत्यूच्या उंबरठ्यावर आहे, हे रुपया-दोन रुपयांची रंगीत पट्टी सांगते. त्याला प्रवचन लागत नाही. आणि मोजण्याने काय होते तेही महाराष्ट्राने पाहिलेले आहे. गडचिरोलीच्या 'सर्च'ने आणि तिच्याबरोबरच्या संस्थांनी गावोगाव आपले कार्यकर्ते बसवून जन्म आणि मृत्यू नोंदवले, आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' ह्या नावाने ते लोकांपुढे ठेवले. जितकी बालके दगावत होती त्यांतली फार थोडी सरकारी दप्तरात मेली होती. बाकीची दप्तराच्या बाहेर मेली. शासनाला पुढे डॉ. अभय बंग ह्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ते आकडे गावच्याच माणसांनी दारोदार जाऊन, आयांच्या तोंडून ऐकून लिहिलेले होते. म्हणूनच ते खोटे पाडता आले नाहीत.

तेव्हा माझा वाद आकड्यांशी नाही. आकडा कोणाला सांगितला जातो, त्याच्याशी आहे.

कुपोषणाचेच पाहा. अंगणवाडीतील ताई मुलांची वजने घेते, ताडून पाहते, अहवाल पाठवते. बिचारीचा त्यात दोष नाही. परंतु दिवाळीनंतर निम्मा पाडा रिकामा झाला, की जी मुले गेली ती काट्यावर येत नाहीत. आणि जाणार कोणाची? ज्यांच्या घरी सर्वांत कमी, त्यांचीच. घरी धान्य असलेल्याची पोरे मागे राहतात, त्यांची वजने भरतात, आणि शेकडेवारी सुधारते. तालुक्यातले कुपोषण हटलेले नसते. ते ट्रकमध्ये बसून बारडोलीच्या वाटेला लागलेले असते. अशा महिन्यांत मी स्वतः 'लक्षणीय सुधारणा' हे दोन शब्द अहवालात लिहिलेले आहेत, आणि लिहून झाल्यावर चहाही घेतला आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती आमचुराची आहे.

धडगावकडच्या डोंगरांत आंबा मुबलक. उन्हाळ्यात बायका कैऱ्या उतरवतात, साले काढतात, चिरतात आणि खडकांवर, अंगणात वाळत घालतात. पांढरे आमचूर झाले तर भाव बरा, काळवंडले तर पडेल भाव. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही; आज्या-पणज्यांपासून चालत आलेले आहे. अशा बायकांसाठी एका वर्षी आमच्या संस्थेला 'आमचूर-प्रक्रिया प्रशिक्षणा'चा निधी आला. उद्दिष्ट : महिला बेचाळीस. पैसे मार्चच्या आत संपवायचे असल्यामुळे प्रशिक्षण डिसेंबरात घेतले. डिसेंबरात आंब्याला मोहोरही धड नसतो. तेव्हा शहरातून आलेल्या तज्ज्ञांनी भिंतीवर कैरीची चित्रे दाखवली. बायका शांतपणे बसल्या होत्या. एकीने शेजारणीच्या कानात काही सांगितले आणि सगळ्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तज्ज्ञांनी त्याची नोंद 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी केली.

पुढच्या मे महिन्यात बाजाराच्या दिवशी त्यांतलीच एक पावरा आजी मला भेटली. डोक्यावरच्या पाटीत आमचूर आणि आमचुरावर एक काळा, गुळगुळीत दगड. मी विचारले, "आजी, हा दगड कशाला?" ती आपल्या पावरीत म्हणाली ते मराठीत असे : "भाऊ, हा दोन किलोचा आहे. रेशनच्या दुकानात तोलून घेतला. आता तू माझ्याबरोबर चल." व्यापाऱ्याच्या काट्यावर तिने आधी दगड ठेवला. तो पावणेदोन किलो भरला. व्यापारी हसला, म्हणाला, "डोंगराचा दगड, खाली उतरताना झिजला असेल." आजी हसली नाही. मला म्हणाली, "तुम्ही आम्हाला किती वेळा मोजलं. घरं मोजली, पोरं मोजली, शेळ्या मोजल्या. ह्याचा काटा एकदा मोजा ना."

किलोमागे सव्वाशे ग्रॅम. आठव्या हिश्श्याची लूट, दर पाटीमागे, दर बाजाराला. माझ्या संस्थेने त्या भागात तोपर्यंत जितका पैसा ओतला, त्याहून अधिक त्या काट्याच्या पाण्याने वाहून गेला असेल, आणि आमच्या एकोणीस रकान्यांच्या तिमाही प्रपत्रात काट्यासाठी एकही रकाना नव्हता. वैधमापन खात्याचा शिक्का व्यापाऱ्याच्या काट्यावर असावा, असा कायदा आहे. आमच्या प्रपत्रांवर शिक्का मारणारे खाते अजून निघायचे आहे.

मी संस्थेकडे मागणी केली : गटाला एक चांगला, शिक्क्याचा वजनकाटा घेऊन द्यावा. उत्तर आले की, चालू अंदाजपत्रकात 'क्षमताबांधणी' हे शीर्ष आहे, 'काटा' हे नाही. शेवटी बायकांनीच बचतीतून वर्गणी काढून काटा आणला. बाजाराला जाण्यापूर्वी घरी तोल करू लागल्या, आणि घरचा तोल आधीच ठाऊक असलेल्या बाईला लुबाडणे अवघड जाते, हे व्यापाऱ्याच्या दोन-चार आठवड्यांत ध्यानात आले. बस्स. ना बॅनर, ना तज्ज्ञ. पुढच्या वार्षिक अहवालात मात्र त्याच काट्याचे रंगीत छायाचित्र आले, मागे आमच्या संस्थेचा फलक धरलेला, खाली मजकूर : 'प्रशिक्षणामुळे महिलांची सौदाशक्ती वाढली.' तो मजकूर कोणाचा? माझाच. अक्षरही वळणदार होते.

हे केवळ आमच्याकडे घडते असे नाही. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकासाच्या पंचावन्न प्रकल्पांना प्रारंभ झाला, तेव्हा त्याच वर्षी मूल्यमापनासाठी स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. पाच वर्षांनी बलवंतराय मेहता समितीने काय म्हटले? की लोकांचा स्वतःचा पुढाकार ह्यातून जागा झालेला नाही. विहिरी मोजल्या गेल्या, खतांची पोती मोजली गेली. ज्यांच्यासाठी हा व्याप, त्यांना त्याचा हिशेब मागण्याची जागाच नव्हती. श्रीमंत अमेरिकेनेही १९६४ साली दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि गावोगाव लोकसंस्था काढल्या. तीस वर्षांनी, १९९४ च्या सुमारास, त्यांच्याही मागे फलनिष्पत्तीचे प्रपत्र लागले. सहा राष्ट्रीय उद्दिष्टे, कुटुंब किती सुधारले, संस्था किती सुधारली, वस्ती किती सुधारली, सारे रकान्यांत. आमच्याकडील विद्वान तेथून येताना ही प्रपत्रे मोठ्या हौसेने घेऊन येतात. परंतु तेथल्याच कायद्यातली दुसरी एक गोष्ट ह्यांच्या बॅगेतून नेमकी गळते. त्या संस्थांच्या नियामक मंडळावर किमान एक तृतीयांश जागा गरिबांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या असाव्या लागतात. आमच्या मंडळावर अकरा सदस्य होते. त्यांत दोन डॉक्टर, तीन निवृत्त अधिकारी, एक वकील, बाकीचे अध्यक्षांचे सोयरे. पावरा बाई एकही नाही. मीही कधी विचारले नाही.

कोणी म्हणेल, गृहस्था, तुझा जिल्हा सुधारतो आहे, मग ही कुरकुर कशाला? खरे आहे. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या बहुआयामी दारिद्र्याच्या अहवालात नंदुरबारची निम्म्याहून अधिक वस्ती दरिद्री ठरली होती. राज्यात सर्वांत वाईट. २०२३ च्या अहवालात ते प्रमाण बरेच खाली आलेले दिसते. मला त्याचा आनंदच आहे. पण उतरलेल्या टक्क्याला बाप पुष्कळ. रस्ता बांधणारा म्हणतो माझ्यामुळे, रेशन देणारा म्हणतो माझ्यामुळे, बचत गटवाला म्हणतो माझ्यामुळे. आणि ज्याने सहा महिने परमुलखात कोयता चालवून चार पैसे घरी आणले, त्याला कोणी विचारतच नाही. एवढ्या मोठ्या आकड्यावर कोणत्याही संस्थेने आपले नाव कोरू नये. तिला विचारायचे ते साधे प्रश्न : ह्या पाड्याला तू काय कबूल केले होतेस? त्यातले काय केलेस? पैसे किती आले, कोठे गेले? आणि हे प्रश्न विचारणारा पाड्यावरचाच असला पाहिजे.

"पण त्यांना हिशेब काय कळणार?" हा आमच्या अध्यक्षांचा हुकमी एक्का होता. राजस्थानात १९९४ साली मजूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपट चव्हाट्यावर वाचून दाखवले, तेव्हा निरक्षर माणसांनीच उठून सांगितले की ह्यातला अमका तर केव्हाच वारला, तमका कामावर कधी आलाच नाही. तेथूनच माहितीच्या हक्काची वाट निघाली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण कलम घालून सांगितले. आणि ज्यांना ग्रामसभेचा कंटाळा, त्यांनी भ्रमणध्वनीवर मजुरांची छायाचित्रे घेऊन हजेरी लावण्याची युक्ती काढली. तिचे काय झाले? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की छायाचित्राचेच छायाचित्र काढून चढवले जात आहे, कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवली जात आहेत. यंत्राला माणूस ओळखू येत नाही. शेजारणीला येतो.

माझ्यावर तो प्रसंग एका १ मे रोजी आला. महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. होळी करून मंडळी परत आलेली, खडकांवर कैऱ्यांच्या फोडी पसरलेल्या. दगडवाली आजी उठून म्हणाली, "ह्या भाऊकडे आमच्या नावांचं पुस्तक आहे. ते वाचून दाखव म्हणावं." मी म्हटले, पुस्तक कार्यालयात आहे. ती म्हणाली, "पिशवीत आहे." पिशवीत होते.

आंब्याखाली उभा राहून मी प्रशिक्षणाचे हजेरीपुस्तक वाचू लागलो. पहिली काही नावे बरोबर निघाली. मग एका नावावर कुजबुज झाली. "ती कुठं होती? ती तर तेव्हा उसात." पुढचे नाव : "तीही उसात." तिसरे : "तिचं बाळंतपण तिकडंच झालं." एकेक नाव मी वाचत होतो आणि एकेक नाव गळत होते. बेचाळिसांतून अकरा गेली. त्या अकराजणींचे अंगठे कोणाचे होते? मी सांगून टाकले. उद्दिष्ट बेचाळीस होते, खोलीत एकतीसच होत्या. उरलेले अकरा मी आणि आमच्या शिपायाने मिळून उठवले होते. त्या अकरा नावांचा भत्ता आणि जेवण ह्यांचे पैसे कार्यालयाच्या किरकोळ खर्चात गेले होते. माझ्या खिशात नाही. पण त्या क्षणी हा फरक मला स्वतःलाही फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

मला वाटले होते आरडाओरड होईल. झाली नाही. कारभारी म्हणाले, "खोडा." माझ्याच लेखणीने, सर्वांच्या देखत, मी अकरा नावे खोडली. खोडलेल्या प्रत्येक नावापुढे आजीने एका शाळकरी पोरीला विचारून 'ऊस' असा शब्द लिहायला लावला. बावीस वर्षांत माझ्या हातून लिहिला गेलेला तेवढाच खरा रकाना.

दुरुस्त अहवाल मी देणगीदाराकडे पाठवला. वाटले, आता निधी बंद. तसेही झाले नाही. तीन ओळींचे पत्र आले : साध्य एकतीस, उद्दिष्टाच्या तुलनेत तूट, पुढील तिमाहीत ती भरून काढावी. अकरा बाया डिसेंबरात गावात का नव्हत्या, हे त्यात कोणी विचारले नव्हते. अध्यक्षांनी मात्र विचारले, की ग्रामसभेत पुस्तक काढण्याची बुद्धी मला कोणी दिली. आणि त्या महिन्यापासून माझी नेमणूक भांडारात झाली. तेथे सतरंज्या आणि जुने फलक मोजण्याचे काम होते. तेही मी प्रामाणिकपणे केले. फलक सतरंज्यांपेक्षा पुष्कळच अधिक भरले.

माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, संगणकावर काम करतो. त्याला मी एकच विनंती केली : तिमाही अहवाल वर पाठवण्याआधी पाड्यावर वाचून दाखव, दाखवल्याची तारीख आणि हरकती शेवटच्या पानावर लिही. 'आदिवासी स्वशासना'साठी १९९६ साली कायदा झाला, राज्याचे नियम २०१४ साली आले. त्या नियमांत पाड्याचीही ग्रामसभा होऊ शकते. तेव्हा वाचायला जागा नाही असे कोणी म्हणू नये. तो म्हणाला, "काका, प्रपत्रात तसा रकाना नाही." मी म्हटले, रकाना आखायला एक पट्टी आणि एक पेन्सिल पुरते. तो हसला. आखला की नाही, ते मला कळलेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या पाड्यावर गेलो होतो. काटा गटातल्या एका घरी ओट्यावर ठेवलेला असतो. आमचूर घेऊन बाया ओळीने बसल्या होत्या. आजी आता थकली आहे, बाजाराला जात नाही. पण तोलाच्या वेळी काट्याजवळ येऊन बसते. कोणाचीही पाटी ठेवण्याआधी नातीने तो काळा दगड उचलून काट्यावर ठेवला. दोन किलो भरला. मग आजीने मान हलवली आणि पहिली पाटी पुढे सरकली.